ई-आठवर कोण बसलं होतं?

१

पिक्चर सुटला, दिवे लागले, माणसं उठली. एक माणूस उठला नाही.

तारपा टॉकीजमध्ये कोणी झोपून राहणं ही काही बातमी नव्हे. मोखाड्याच्या बाजाराच्या दिवशी पहाटेपासून चालून आलेली माणसं पंख्याखाली बसली की हिरोची मारामारी चालू असतानाच घोरतात. डोअरकीपर रोहिदास बॅटरी घेऊन शेवटच्या रांगेपाशी गेला.

"ओ मुकादम, उठा. घरी जाऊन झोपा. दुसऱ्या खेळाची माणसं खोळंबलीत."

त्यानं बॅटरी चेहऱ्यावर मारली. मग खाली छातीवर मारली. मग ती त्याच्या हातातून पडली.

गोकुळ मुकादमाची मान एका बाजूनं चिरलेली होती. ई रांगेतली सात नंबरची खुर्ची रक्तानं भिजली होती. पिक्चरमध्ये गोळ्या एवढ्या सुटत होत्या, की खरा माणूस मेला ते कुणाला कळलंच नाही.

गोकुळ पाड्यापाड्यांवरून माणसं गोळा करून वीटभट्ट्यांवर पोचवायचा. जाताना टेम्पो भरून न्यायचा, येताना जेवढी उरतील तेवढी आणायचा. रडलं कोणी नाही. त्याच्यासाठी रडावं असं त्यानं कुणाचं काही ठेवलंच नव्हतं.

पोलीस आले. शेजारच्या आठ नंबरच्या खुर्चीखाली कोयता सापडला. मुठीला निळी नायलॉनची दोरी गुंडाळलेली, पात्याला रक्त. इन्स्पेक्टर साहेबांनी हॉलमधल्या एकाही माणसाला विचारलं नाही, कोण कुठं बसलं होतं. माणसांना कशाला विचारायचं? ते सरळ तिकिटाच्या खिडकीत गेले आणि कॉम्प्युटरला विचारलं. पडद्यावर लाल-हिरवे चौकोन, लाल म्हणजे विकलेली खुर्ची. ई-सात, लाल: गोकुळ मुकादम. ई-आठ, लाल: रघ्या, पोशेरा.

त्याच सकाळी भर बाजारात रघ्यानं गोकुळवर हाच निळ्या दोरीचा कोयता उगारला होता. अख्ख्या बाजारानं पाहिलं होतं. टॉकीजचे मालक मधुशेठ यांची गाडीही त्या गर्दीत हॉर्न वाजवत अडकली होती.

चला, खून उलगडला. साहेबांनी चहा मागवला.

रघ्याला धरलं तेव्हा तो पळत नव्हता. टॉकीजच्या फाटकाशी उभा होता आणि बाहेर येणाऱ्या प्रत्येकाला विचारत होता, "मुकादम निघाला का?"

२

जव्हारच्या कोर्टात गरिबांचे खटले फुकट चालवणारे वकील असतात. फुकट म्हणजे सरकार देतं तेवढ्यात. त्यातली एक हर्षाली. बाप मोखाड्याचा मास्तर, त्यामुळे घरात पुस्तकं होती आणि तोंडात शिव्याही होत्या. रघ्याची बायको सुकरी तिच्यासमोर उकिडवी बसली. बाकड्यावर बस म्हटलं तरी बसली नाही.

"बाय, त्यानं नाय मारला."

"सगळ्यांच्या बायका असंच म्हणतात, सुकरी."

"मग सगळ्यांच्या बायका खोट्या का?"

हर्षाली उठली आणि लॉकअपला गेली.

रघ्या भिंतीला टेकून बसला होता. मारलेलं दिसत होतं.

"सकाळी कोयता का काढलास?"

"रविनासाठी." रविना त्याची धाकटी बहीण. गेल्या हंगामात गोकुळच्या टेम्पोतून भट्टीवर गेली. टेम्पो परत आला, ती आली नाही. "मुकादम बोलला, पळून गेली कुणासंगं. रविना पळणारी नाय. तिनं इथं शेळी ठेवली होती, तिच्यासाठी निरोप धाडायची. जी पळते ती शेळीचा निरोप धाडते का?"

"आणि दुपारी त्याच्याच पाठीमागं तिकिटाच्या रांगेत उभा राहिलास?"

"सोडणार नव्हतो त्याला. जिथं जाईल तिथं जाणार होतो. मग मध्यंतरात तोच आला माझ्याकडं. प्यायलेला. बोलला, पिक्चर सुटला की फाटकाशी थांब, तुझ्या बहिणीचं सांगतो."

हर्षालीनं मान वर केली. "हे कुणी ऐकलं?"

"वडापाववाल्या पोरानं. मंगेशनं."

"बरं. हॉलमध्ये बसला कुठं होतास?"

"पोशेऱ्यात."

"अरे, टॉकीजमध्ये कुठं ते विचारते."

"तेच सांगतो ना बाय. पोशेऱ्यात."

तिला आधी हसू आलं. मग बोहाडा आठवला.

३

बोहाडा ज्यानं पाहिलाय त्याला हे समजवावं लागत नाही. मुखवटे घालून देव नाचतात त्या मैदानात बसायची जागा कुणी आखून देत नाही, पण कुणी चुकतही नाही. हा पाडा इकडं, तो तिकडं. बायका एका अंगाला, म्हातारी पुढं. एक जण आधी येऊन घोंगडी पसरतो, तेवढ्यावर अख्खा पाडा बसतो. दुसऱ्याच्या घोंगडीवर कुणी पाय देत नाही.

हर्षाली पुढच्या बाजाराच्या दिवशी तारपा टॉकीजमध्ये गेली. खेळ चालू होण्याआधी पडद्याला पाठ करून उभी राहिली आणि माणसं पाहत राहिली. डावीकडं पुढं पोशेरा. टॉवेल पसरून पाच-सहा खुर्च्या धरलेल्या, मागून येणाऱ्यांना हाका. उजवीकडं दुसरा पाडा. मधे मोखाड्याचे मास्तर आणि कारकून. हातात नंबराची तिकिटं सगळ्यांच्या होती. नंबर कुणी पाहत नव्हतं. बोहाडाच होता हा, फक्त देव पडद्यावर होते.

खिडकीत गोजाबाई होती. तिकीट विकण्यात केस पांढरे झालेली बाई. पूर्वी ती रंगीत कागदाची तिकिटं फाडायची.

"ही नंबराची भानगड कधीपासून, गोजामावशी?"

"सॉफ्टवेअर आलं तवापासून." गोजाबाईनं तो शब्द शिवी दिल्यासारखा उच्चारला. "दोन कंपन्या आल्या होत्या दाखवायला. एक नाशकाची. तिचं सोपं होतं. बटण दाब, तिकीट काढ, किती डोकी आत गेली एवढं सांगायचं. बसा कुठंबी. दुसरी ठाण्याची. तिच्यात प्रत्येकाला खुर्ची, प्रत्येकाचं नाव, मोबाइल. मोबाइल नसला तर नुसतं गाव. कँटीनचं बिल पण त्यातच. आठवडा आठवडा दोन्ही चालवून पाहिली."

"आणि ठाण्याची घेतली."

"शेठनं घेतली. मी बोलले, शेठ, आपल्या गिऱ्हाइकाला खुर्ची नको, बाजूला आपला माणूस पायजे. शेठ मला बोलला, गोजाबाई, तुम्ही तिकीट काढा, धंदा मी करतो. त्याला आवडलं काय, तर त्याच्या फोनात सगळा हॉल दिसतो. कुठली खुर्ची कुणाच्या नावावर, घरी बसून बघतो. जसं काय कोंबड्या मोजतो."

"खुर्ची तू निवडतेस?"

"मी कशाला? बाजारची रांग फाटकाबाहेर असते. 'आपोआप'चं बटण दाबते, मशीन मागून भरत जातं. रांगेत जो ज्याच्या मागं, तो त्याच्या बाजूला."

म्हणजे गोकुळच्या मागं उभ्या असलेल्या रघ्याला गोकुळच्या शेजारची खुर्ची मशीननं दिली. आणि रघ्या गेला पोशेऱ्यात.

"मध्यंतरानंतर तू कुठं होतीस?"

"इथंच. दुसऱ्या खेळाची रांग लागलेली. उठले असते तर खिडकी फोडली असती मेल्यांनी." गोजाबाईनं तिच्याकडं रोखून पाहिलं. "माझ्यावर पण संशय का, बाय?"

"सगळ्यांवर."

"बरं हाय. निदान विचारतेस तरी. त्यांनी मला विचारलंच नाय, फक्त बोलले, सरक."

४

रोहिदास जिन्याखाली खुंट्यांच्या रांगेपाशी उभा होता. रानातून, बाजारातून येणारा प्रत्येक जण कमरेला कोयता लावून येतो. कोयता आत न्यायला बंदी. तो जिन्याखालच्या खुंटीला अडकवायचा, जाताना आपला आपण काढायचा. बिल्ला नाही, पावती नाही. आपला कोयता न ओळखणारा माणूस अजून डोंगरात जन्माला आलेला नाही.

"रघ्याचा कोयता तू अडकवलास?"

"त्यानंच अडकवला, ताई. सकाळचं भांडण माहीत होतं म्हणून मी मुद्दाम बघितलं."

"मग इथून उचलला कुणी?"

"कुणीपण उचलेल. मी तिकडं पुढच्या दाराला असतो. इथं जिना हाय, वर शेठचं ऑफिस, आणि हे बारकं दार उघडलं की आत शेवटची रांग." त्यानं दार ढकलून दाखवलं. दाराला लागून ई रांग. रक्त पुसलं होतं, खुर्ची तशीच होती. "पोलीस मलाच धरणार होते आधी. कोयते तुझ्या ताब्यात, बोलले. मी बोललो, साहेब, माझ्या ताब्यात माझी चप्पल पण नसते."

"गोकुळ नंबरवर बसायचा?"

"तो एकटाच. ठाण्या-भिवंडीला राहून आलेला ना. बोलायचा, तिकिटावर लिवलंय ते वाच, अडाण्या. आणि त्याच्या बाजूला बसणार कोण? कोणता पाडा घेईल त्याला? आठ नंबरची खुर्ची रिकामीच होती. बॅटरी मारली मी मध्यंतरानंतर."

"हे पोलिसांना सांगितलंस?"

"सांगितलं. ते बोलले, मशीनमध्ये लाल दिसते. मशीनला काय दारू पाजली का कुणी?"

कँटीनच्या काउंटरवर मंगेश. शेठच्या बहिणीचा मुलगा, अंगात इस्त्रीचा शर्ट, कपाळावर घाम. ठाण्याच्या सॉफ्टवेअरमध्ये एक सोय होती: खुर्चीचा नंबर सांगून वडा मागवायचा आणि पोरानं जागेवर नेऊन द्यायचा.

"चालते का रे ती सोय?"

"कसली चालते, मॅडम!" मंगेश एकदम मोकळा झाला. "बी-चारवर दोन वडापाव घेऊन जा, तर बी-चारवर म्हातारी बसलेली. ती वडे ठेवून घेते, 'कोण भला माणूस' म्हणते. ज्यानं मागवलेत तो पलीकडून मला आईवरून हाका मारतो. मामाला कितीदा सांगितलं, नंबरवर कोणीच बसत नाही. मामा म्हणतो, फोनात तर बरोबर दिसतं."

"शेठ कधी हॉलमध्ये बसत नाहीत?"

"मामा? कधीच नाही. वास येतो म्हणतो."

"त्या दिवशी मध्यंतरात गोकुळ रघ्याशी काय बोलला?"

मंगेशचा हात फडक्यावर थांबला.

"मी... गर्दी होती, मॅडम."

"मंगेश, एक माणूस आत सडतोय."

त्यानं जिन्याकडं पाहिलं. मग इतक्या हळू बोलला की तिला वाकावं लागलं. "मुकादम मामाच्याच भट्टीवर माणसं पोचवायचा. त्या दिवशी तो आधी मामाकडं वर गेला होता. आवाज चढले होते. खाली आला तर हसत होता. मला म्हणाला, तुझा मामा टरकला. आणि सरळ रघ्याकडं गेला, पिक्चर सुटल्यावर तुझ्या बहिणीचं सांगतो म्हणाला. मोठ्यानं म्हणाला, वर ऐकू जाईल असं."

"आणि मामा?"

"मामा पिक्चर सुटायच्या आतच जव्हारला निघून गेला. ऊन लागलं म्हणाला."

"हे कोर्टात सांगशील?"

मंगेशनं फडकं उचललं आणि पुसलेला काउंटर पुन्हा पुसायला लागला.

५

मधुशेठ माणूस गोड. टॉकीजचं नाव तारपा, म्हणजे आदिवासींचं वाद्य, भिंतींवर पांढरी चित्रं, उद्घाटनाला पाड्यांवरच्या बायका नाचवलेल्या. आत वाजतो तो दक्षिणेकडचा धांगडधिंगा. आदिवासींचं नाव लावलं की सरकारदरबारी दोन दारं आपोआप उघडतात, हे शेठला कुणी शिकवायची गरज नव्हती.

"या मॅडम. चहा? मंगेश, चहा आण रे वर." शेठनं फोन टेबलावर ठेवला. "रघ्याचं वाईट वाटतं हो. पण डोक्यात राख घालून घेतात ही माणसं."

"शेठ, मला एक समजत नाही. तुमच्या मशीनचं कौतुक ऐकलंय. जरा दाखवता?"

शेठ खुलला. फोन तिच्याकडं वळवला. त्या दिवसाचा हॉल पडद्यावर आला, लाल-हिरवा, प्रत्येक लाल चौकोनात नाव. "नाशिकवाल्यांकडं हे नव्हतं. ते नुसती डोकी मोजणार. मला डोकी नकोत, मॅडम, मला माणूस कळला पाहिजे. हा बघा मुकादम. हा बघा रघ्या. पुरावा म्हणजे पुरावा."

"हो. लालच आहे." ती पडद्याकडं पाहत राहिली. "पण सकाळी ज्याच्यावर कोयता उगारला, त्याच्याच शेजारी रघ्या अख्खा पिक्चर गुपचूप बसला? गोकुळही बसला?"

"बसला कुठं? खुर्ची रिकामीच होती त्या वेळी. बाहेर गेला असेल, कोयता काढला असेल, आणि आल्याबरोबर..." शेठनं हातानं हवेत खूण केली.

"रिकामी होती?"

दारात मंगेश चहाचा ट्रे घेऊन उभा होता. तो आत आला नाही.

"तुम्ही तर वर होता, शेठ," हर्षाली म्हणाली. "फोनात ई-आठ लाल आहे. ती रिकामी होती हे तुम्हाला कुणी सांगितलं?"

शेठ हसला. चेहऱ्याचा खालचा अर्धा भाग हसला.

"म्हणजे असेल, असं म्हटलं मी. वकिलांशी बोलताना माणसानं वकील लावावा हेच खरं. मंगेश, ठेव तो चहा."

६

इन्स्पेक्टर साहेबांसमोर तिनं सगळं मांडलं. उभ्यानंच, कारण खुर्ची कुणी दिली नाही.

"कोयता ई-आठच्या खुर्चीखाली सरकवून ठेवलेला होता. पळताना पडलेला नव्हे, ठेवलेला. ठेवणाऱ्याला दोन गोष्टी वाटत होत्या. एक, ती खुर्ची रघ्याची आहे. दोन, रघ्या तिथंच बसतो. आता बघा. रोहिदासला माहीत आहे की नंबरवर कुणी बसत नाही, तो रोज बॅटरी मारतो. मंगेशला माहीत आहे, तो वडे घेऊन भटकतो. गोजाबाईला माहीत आहे, तिनं तर सॉफ्टवेअर घेतानाच सांगितलं होतं. यांच्यापैकी कुणाला रघ्याला अडकवायचं असतं, तर त्यानं कोयता पुढं डावीकडं टाकला असता, पोशेऱ्यात. ई-आठ म्हणजे रघ्या, हे फक्त ज्यानं हॉल फोनात पाहिलाय त्यालाच वाटणार. त्याचं ऑफिस जिन्यावर, जिन्याखाली कोयते, कोयत्यांशेजारी दार, दाराशेजारी ई रांग. सकाळी बाजारात निळ्या दोरीचा कोयता त्यानं गाडीतून पाहिला होता. आणि खुर्ची रिकामी होती हे तो माझ्यासमोर बोलून गेला."

"आणि हेतू?"

"गोकुळ त्याच्या भट्टीवर माणसं न्यायचा. रविना तिथून परत आली नाही. गोकुळ वर जाऊन त्याला दम देऊन आला आणि खाली येऊन रघ्याला सांगायचं कबूल करून बसला. साहेब, रघ्याला तर तो माणूस पिक्चर सुटेपर्यंत जिवंत हवा होता. जगात एकटा रघ्याच असा होता, ज्याला त्या दिवशी मुकादम जिवंत हवा होता."

साहेबांनी पेन खाली ठेवलं. क्षणभर तिला वाटलं, माणूस ऐकतोय.

"मॅडम, तुमचे साक्षीदार कोण? पोशेऱ्याचे लोक. ते रघ्याच्या बाजूनंच बोलणार. डोअरकीपर, तो स्वतःच संशयित. शेठचा भाचा, तो बोलणार नाही. तुम्ही स्वतः, तुम्ही आरोपीच्या वकील. आणि माझ्याकडं कॉम्प्युटरचा कागद आहे. सॉफ्टवेअरचं काय रघ्याशी वैर आहे का?"

"सॉफ्टवेअरमध्येच दुसरा पुरावा पण आहे. शेठच्या फोनवरून खुर्च्यांचा नकाशा कधी उघडला, त्याची नोंद कंपनीकडं असते. खुनाच्या आधी त्यानं तो उघडला असणार."

"मग आणा."

ठाण्याच्या कंपनीतली मुलगी फोनवर फार अदबीनं बोलली. नोंद असते मॅडम, पण मालकाची संमती लागेल, नाही तर कोर्टाचा आदेश. हर्षालीनं अर्ज केला. सरकारी वकिलांनी मुदत मागितली. मिळाली. पुन्हा मागितली. पुन्हा मिळाली. मुदत मागायला जीभ लागते, द्यायला तीही लागत नाही.

आदेश निघाला तेव्हा तो घेऊन तिनं पुन्हा फोन लावला.

"ते खातं बंद झालंय, मॅडम. क्लायंटनी सर्व्हिस सोडली. खातं बंद झालं की डेटा डिलीट होतो, पॉलिसी आहे आमची. पोलिसांना दिलेला प्रिंट तेवढा असेल."

ती पहिल्या जीपनं मोखाड्याला गेली. खिडकीत नवा पडदा होता. लाल-हिरवे चौकोन नव्हते. एकच मोठं बटण. नाशिकची कंपनी. बसा कुठंही.

रांगेतली माणसं खूश होती. आता नाव सांगा, गाव सांगा अशी कटकट नव्हती. एका म्हाताऱ्यानं तर शेठला दुवा दिला.

गोजाबाईनं तिकिटं देता देता हर्षालीकडं पाहिलं. "माझंच ऐकलं बाय त्यानं शेवटी. सगळ्यांसमोर बोलला, गोजाबाई म्हणत होती तेच बरोबर. साडी दिली मना." तिनं मान फिरवली. "काय करू, जाळू का तिला? नेसायला तीच धड हाय."

मंगेश काउंटरवर नव्हता. तो आता मॅनेजर झाला होता, वर बसत होता.

७

"किती दिवस चालेल?" रघ्यानं विचारलं. जेलच्या जाळीपलीकडं तो अर्धा झाला होता.

"वर्षं."

"आणि जिंकाल?"

हर्षालीला खोटं बोलता येत होतं. पोटाचा धंदाच तो. पण शेजारी उभी असलेली सुकरीही तिच्याकडंच पाहत होती.

"नाही वाटत," ती म्हणाली.

रघ्यानं मान डोलावली, भाताचा भाव विचारून घेतल्यासारखी.

"मग शेठला सांगा. मी मारला म्हणतो. कोर्टात म्हणतो, मोठ्यानं. त्यानं फक्त सांगायचं, रविना कुठंय."

"वेडा झालास? जन्मठेप होईल."

"नायतरी होणारच ना? तुम्हीच बोललात. मग फुकट कशाला जाऊ?"

"रघूदादा, वकील म्हणून मी हे करू शकत नाही."

"वकील म्हणून नका करू," सुकरी म्हणाली. हर्षालीशी ती पहिल्यांदाच डोळ्याला डोळा भिडवून बोलत होती. "त्याची आई अजून दार लावत नाय रातचं. पोरगी येईल बोलते. तिला किती वरसं दार उघडं ठेवायला लावू?"

हर्षाली पाच दिवस शेठकडं गेली नाही. सहाव्या दिवशी टॉकीजचा जिना चढली. मंगेशला खाली पाठवलं. शेठला निरोप दिला, शब्दाला शब्द. मनात एकच होतं: हा आता रागावेल, ओरडेल, कोण रविना म्हणेल. तसं म्हणाला असता तर तिला बरं वाटलं असतं.

शेठनं खिडकी लावून घेतली. खाली रांगेचा कालवा बंद झाला.

"मुरबाडच्या पुढं जुनी भट्टी आहे," तो म्हणाला. आवाजात काही नव्हतं. "चिमणी पडलेली. मागं ओढा, ओढ्याकाठी राखेचा ढीग. ताप होता तिला. दवाखान्यात न्यायचं गोकुळनं टाळलं. मी तर तिथं नव्हतोच."

"भट्टी तुमची."

"कागद बघा, मॅडम."

तिनं कागद पाहिले. भट्टी मेलेल्या गोकुळच्या नावावर होती. म्हणजे सांगाडा निघाला तरी गुन्हा गोकुळचा, आणि गोकुळला मारायला रघ्याकडं आणखी एक कारण. माणूस मेल्यावरही शेठच्या कामाला येत होता. आणि शेठ जे बोलला ते फक्त तिनं ऐकलं होतं, बंद खिडकीच्या आत. तिनं शपथेवर सांगितलं असतं तरी ऐकणाऱ्यानं विचारलं असतं, तुम्ही आरोपीच्या वकील ना?

पोशेऱ्याची माणसं फावडी घेऊन गेली. सोबत तिकडचे पोलीस, पंच. सुकरी गेली. रघ्याची आई गेली नाही, दारात बसून राहिली.

दुसऱ्या दिवशी जव्हारला तारीख होती. हर्षालीनं रघ्याला व्हरांड्यात गाठलं, शेवटचं सांगितलं, अजून बोलू नकोस, मी वरच्या कोर्टात जाईन, मंगेशला पुन्हा भेटेन. तो ऐकत नव्हता. तो फाटकाकडं पाहत होता. सुकरी आली नव्हती.

न्यायाधीशांनी आरोप वाचून दाखवला. गुन्हा कबूल आहे का, विचारलं.

रघ्या मागच्या दाराकडं पाहत राहिला.

"आरोपीला समजलं का? वकीलबाई, तुम्ही समजवा."

हर्षाली उठली, आणि तिच्या तोंडून शब्द निघायच्या आत मागचं दार वाजलं. सुकरी आत आली. साडीचा काठ राखेनं भरलेला, नखं काळी. तशीच रात्रभर गाड्या बदलत आली होती. पट्टेवाला तिला मागं ढकलत होता आणि ती त्याच्या हाताखालून रघ्याकडं पाहत होती.

तिनं मान हलवली. हो.

रघ्यानं डोळे मिटले. उघडले.

"हो साहेब," तो म्हणाला, सगळ्यांना ऐकू जाईल असं. "मीच मारला त्याला."

कुणाचा दबाव आहे का, कुणी काही आमिष दाखवलंय का, न्यायाधीशांनी दोनदा विचारलं. कायद्यात तसं लिहिलेलं आहे.

"नाय," रघ्या म्हणाला. "कुणाचाच नाय."

हर्षाली उभीच होती. बसायचं तिला सुचलं नाही.